दोन ड्राईव्ह असलेल्या पीसीत विंडोज नेमकं कुठे टाकायचं?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधला हिशेबाचा पीसी घ्या किंवा सिडकोतल्या घरात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना डेस्कटॉप घ्या, आतलं चित्र बहुतेक सारखंच असतं. पाचशे जीबी किंवा एक टीबीची हार्डडिस्क, तिचे सी, डी, ई असे भाग पाडलेले, आणि सुरू होऊन कामाला लागायला चार-पाच मिनिटं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून एम. जी. रोडवरून किंवा कॅनडा कॉर्नरच्या एखाद्या दुकानातून एसएसडी (फिरते भाग नसलेला, चिपवर डेटा साठवणारा जलद ड्राईव्ह) आणून नव्याने विंडोज टाकायचा बेत बऱ्याच घरांत सुरू असतो. एसएसडी बसवणं सोपं आहे. घोळ होतो तो पुढे, इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनवर ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा सात-आठ ओळी येतात तेव्हा. चुकीची ओळ पुसली तर दहा वर्षांचे फोटो जातात.

आधी उत्तर देऊन टाकतो. पीसीच्या आत कायम बसवलेली, तब्येतीने ठणठणीत एसएसडी असेल तर विंडोज तिच्यावर टाका आणि हार्डडिस्क साठवणीला ठेवा. आणि इन्स्टॉल करताना फक्त तीच एसएसडी जोडलेली ठेवा, बाकी सगळ्यांच्या केबल काढा. हे दुसरं वाक्य लोक सोडून देतात आणि नंतर महिनाभर डोक्याला ताप करून घेतात.

सी आणि डी म्हणजे दोन ड्राईव्ह नव्हेत

‘माझ्याकडे सी, डी, ई असे तीन ड्राईव्ह आहेत’ असं सर्रास म्हटलं जातं, पण बहुतेक वेळा ते एकाच हार्डडिस्कचे तीन भाग असतात. हार्डडिस्क गेली की तिन्ही जातात. आपल्या मशीनमध्ये खऱ्या डिस्क किती आहेत हे पाहायला विंडोज-की आणि एक्स एकत्र दाबा आणि यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या अर्ध्या भागातली प्रत्येक आडवी पट्टी म्हणजे एक खरी डिस्क. ती हार्डडिस्क आहे की एसएसडी, ते ‘टास्क मॅनेजर’मधल्या ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं. तिथेच वर उजवीकडे मॉडेलचं नावही दिसतं.

आता एक कागद घ्या आणि प्रत्येक डिस्कची कंपनी, मॉडेल आणि विंडोज दाखवतं ती क्षमता लिहून काढा. खोक्यावरचा आकडा स्क्रीनवर दिसत नाही, कारण कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून २४० जीबीची एसएसडी साधारण २२३ दाखवते, २५६ ची २३८, ५०० ची ४६५, ५१२ ची ४७६ आणि एक टीबीची ९३१. ‘दुकानदाराने फसवलं’ असं समजून परत जाऊ नका, आकडा बरोबर आहे. हा कागद इन्स्टॉलेशनच्या वेळी समोर ठेवायचा, कारण त्या स्क्रीनवर ओळख पटवायला क्षमता हीच मुख्य खूण असते. जुनी हार्डडिस्क ५०० ची आणि नवी एसएसडीही ५०० ची असेल, तर दोन्ही ओळींत ४६५ च दिसणार. तिथे अंदाजाने चालायचं नाही. नुसत्या डिस्क ०, १ या क्रमांकावरही विसंबू नका. विंडोजमध्ये जी डिस्क ० होती ती इन्स्टॉलरमध्ये डिस्क १ होऊ शकते.

एसएसडीच का, आणि कोणती

विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल सलग वाचत नाही, हजारो छोट्या फाइली इथून-तिथून गोळा करतं. ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्कला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हेड योग्य जागी नेण्याचा वेळ धरला, तर एक तुकडा शोधायला साधारण १२ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. रॅम चारची आठ करूनही मशीन सुस्तच राहिलं अशी तक्रार असते, तिचं कारण बरेचदा ही हार्डडिस्क असते.

एसएसडीत दोन जाती: हार्डडिस्कच्याच साटा जोडणीने चालणारी साटा आणि पीसीआयई या जास्त जलद जोडणीने चालणारी एनव्हीएमई. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. एनव्हीएमई एसएसडी, पीसीआयई ३.० वर असेल तर ३५०० आणि ४.० वर असेल तर ७००० एमबीपर्यंत जाते. आकडे पाहून हुरळून जाऊ नका. मोठे व्हिडिओ कॉपी करताना हा फरक दिसतो, पण टॅली, ब्राउझर, वर्ड यांत साटा आणि एनव्हीएमई शेजारी ठेवल्या तरी बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. दोन्ही घरात असतील तर विंडोज एनव्हीएमईवर टाका. फक्त साटा असेल तर तीही उत्तम आहे.

जुन्या मदरबोर्डवर मात्र जपून. नाशिकमध्ये सेकंडहँड मिळणाऱ्या पीसीत एच६१ आणि एच८१ चिपसेटचे बोर्ड पुष्कळ असतात. एच६१ वर साटाचे पोर्ट जुन्या, निम्म्या वेगाचे असतात, म्हणून ५५० ची एसएसडी तिथे २७०-२८० वर अडकते. तरीही हार्डडिस्कपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तेव्हा खुशाल लावा. एच८१ वर दोन पोर्ट जलद आणि दोन संथ असतात. बोर्डवर पोर्टशेजारी बारीक अक्षरांत ‘साटा ६जी’ किंवा तत्सम छापलेलं असतं, एसएसडीची केबल तिथेच जोडा. अशा बोर्डवर पीसीआयईच्या अडॅप्टर कार्डातून एनव्हीएमई बसवायचा सल्ला कुणी देईल. ती विंडोजच्या आत दिसेलही, पण तिच्यावरून मशीन सुरू होणार नाही, कारण त्या काळच्या बायोसला (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूट करता, म्हणजे विंडोज सुरू करता येत नाही. शिवाय विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे या मशीनसाठी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचाही विचार करा. त्याबद्दल पुढे येईल.

एम.२ स्लॉट (मदरबोर्डवर एसएसडी केबलशिवाय थेट बसवायची जागा) असेल तर आणखी एक गफलत ठरलेली. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. काही स्लॉट एकच जात चालवतात. खाचांवरून ओळखायला जाऊ नका, लेबल आणि मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. त्याच मॅन्युअलमध्ये दुसरी एक गोष्ट शोधा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की साटाचा एखादा पोर्ट आपोआप बंद होतो. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्डडिस्क गायब झाली तर ती मेली असं समजण्याआधी तिची केबल दुसऱ्या पोर्टवर लावून बघा.

क्षमतेबद्दल: विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबी आहे, पण ती कागदावरच. १२० ची एसएसडी १११ दाखवते आणि अपडेट, टेम्प फाइली, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ यांनी वर्षभरात गळ्याशी येते. २४० किंवा २५६ ही खालची मर्यादा धरा. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर ५०० पासून सुरुवात करा. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घसरतो, म्हणून १५ ते २० टक्के जागा मोकळी राहू द्या.

कोणत्या ड्राईव्हवर टाकायचं नाही

यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर विंडोजचा इन्स्टॉलर टाकूच देत नाही, तिथे वेळ घालवू नका. काही मशीनमध्ये १६ किंवा ३२ जीबीची इंटेल ऑप्टेन मेमरी (हार्डडिस्कला वेग देणारी छोटी मेमरी) असते. ती यादीत छोट्या डिस्कसारखी दिसते, तिला हात लावायचा नाही. लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राईव्ह काढून तिथे कॅडीत (त्या जागेत बसणाऱ्या चौकटीत) डिस्क बसवायची असेल, तर मूळ जागी एसएसडी आणि कॅडीत हार्डडिस्क ठेवा. उलटं केलं तर काही लॅपटॉप कॅडीवरून बूट होत नाहीत. कॅडी घेताना जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार मिळतात.

वापरलेली एसएसडी किंवा जुनी हार्डडिस्क असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. हार्डडिस्कच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहायच्या. उजवीकडचा ‘रॉ’ आकडा शून्य असेल तर ठीक. सी५ मध्ये आकडा दिसला की डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे छोटे तुकडे, वाचताना अडखळताहेत असं समजा, आणि तो दर आठवड्याला वाढत असेल तर त्या डिस्कवर विंडोजच काय, लग्नाचा अल्बमही ठेवू नका. एसएसडीला तिथे टक्क्यांत आयुष्य दिसतं.

फॉरमॅट मारण्याआधी

डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सी मध्येच असते. हे ठाऊक नसल्यामुळे जेवढा डेटा उडतो तेवढा बहुधा व्हायरसनेही उडत नसेल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि डीटीपीचं काम असेल तर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट, हे सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग त्यातल्या चार-पाच फाइली उघडून बघा, नुसती कॉपी झाल्याची पट्टी पुरेशी नाही. टॅलीचं लायसन्स असेल तर जुन्या विंडोजमधून ते ‘सरेंडर’ करून, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून ठेवा.

नवा लॅपटॉप असेल तर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी-की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये एखादी सेटिंग बदलली की मशीन ती की मागू शकतं आणि ती नसेल तर डिस्कवरचं काही वाचता येत नाही.

विंडोजचा पेनड्राईव्ह किमान ८ जीबीचा लागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने स्वतः बनवा. पेनड्राईव्हवरचं सगळं पुसलं जातं.

केबल काढा

मशीन बंद करा, मागचा प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. एसएसडी बसवा. एम.२ असेल तर ती तिरकी घालून खाली दाबायची आणि टोकाला छोटा स्क्रू लावायचा. तो स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यात येतो आणि सेकंडहँड पीसीत हमखास हरवलेला असतो, म्हणून एसएसडी घेतानाच दुकानातून मागून घ्या. वरती उष्णता शोषणारं धातूचं झाकण असेल तर त्याच्या पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोलायला विसरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये तापलेली एनव्हीएमई स्वतःहून वेग कमी करते.

आता जुन्या हार्डडिस्कची डेटा केबल काढा. चपटी, लहान टोकाची असते ती. तेवढी निघाली तरी काम भागतं. यामागचं कारण असं: विंडोजच्या फाइली तुम्ही निवडलेल्या डिस्कवर जातात, पण मशीन सुरू करणारा बूटलोडर इन्स्टॉलर दुसऱ्या डिस्कवर आधीपासून असलेल्या बूट पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे डिस्कचा पाडलेला भाग) ठेवू शकतो. त्या दिवशी सगळं छान चालतं. सहा महिन्यांनी कुरकुरणारी जुनी हार्डडिस्क काढून टाकता आणि मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणत बसतं. दुसरी डिस्क जोडलेलीच नसेल तर बूटलोडरला जायला दुसरी जागाच उरत नाही, आणि चुकून फोटो पुसण्याची भीतीही संपते. लॅपटॉपमध्ये दोन्ही ड्राईव्ह आत असतील तर बायोसमध्ये एक बंद करता येतो का ते पाहा, नाहीतर खालचं झाकण उघडून तो काढा.

मशीन चालू करून बायोसमध्ये जा. डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, डेल आणि असूसच्या लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०. बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) ‘यूईएफआय’ ही नवी आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) ‘एएचसीआय’ आहे ना, तेवढं बघायचं. मग बूट मेन्यूतून पेनड्राईव्ह निवडा. तिथे एकाच पेनड्राईव्हच्या दोन ओळी दिसल्या तर ‘यूईएफआय’ हा शब्द असलेली घ्या.

ती स्क्रीन

विंडोज ११ चा नवा इन्स्टॉलर सुरुवातीलाच ‘फाइली, ॲप आणि सेटिंग्ज सगळं पुसलं जाईल’ अशी टिक करायला लावतो, ती वाचून घाबरायला होतं. प्रत्यक्षात पुसलं जातं ते पुढच्या स्क्रीनवर तुम्ही निवडाल आणि डिलीट कराल तेवढंच.

मग यादी येते. सगळ्या केबल काढल्या असतील तर फक्त एसएसडी आणि कदाचित तुमचा पेनड्राईव्ह दिसेल. पेनड्राईव्हची क्षमता ८, १६ किंवा ३२ असते, त्याला हात लावू नका. एसएसडी कोरी असेल तर एकच ओळ ‘अनअलोकेटेड स्पेस’ म्हणून दिसते. आधी वापरलेली असेल तर तिच्या प्रत्येक ओळीवर जाऊन ‘डिलीट पार्टिशन’ करा, शेवटी एकच मोकळी ओळ उरेपर्यंत. कागदावरचा आकडा एकदा ताडून पाहा, ती ओळ निवडा आणि ‘नेक्स्ट’. स्वतः पार्टिशन पाडू नका. इन्स्टॉलर आपणहून १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर राहतो तो भाग), १६ एमबीचं राखीव आणि शेवटी रिकव्हरीचं बनवतो.

एसएसडीचेही सी आणि डी पाडायची सवय आपल्याकडे अजून आहे. २४० च्या एसएसडीत सी ला १०० दिले की दीड वर्षात सी लाल होतो आणि डी रिकामा पडून राहतो. हार्डडिस्कच्या काळात ते ठीक होतं, एसएसडीला एकच भाग पुरे.

या टप्प्यावर दोन अडचणी नेहमीच्या. पहिली, ‘डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे’ असा संदेश (एमबीआर ही डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी). एसएसडीवर ठेवण्यासारखं काही नसेल तर तिची सगळी पार्टिशनं डिलीट करा आणि मोकळी ओळ निवडून पुढे जा, इन्स्टॉलर ती स्वतः जीपीटी करून घेतो. उलट ‘डिस्क जीपीटी आहे’ अशी तक्रार आली तर पेनड्राईव्ह जुन्या लेगसी मोडमध्ये सुरू झाला आहे. मागे जाऊन यूईएफआयची ओळ निवडा.

दुसरी, यादीत एकही ड्राईव्ह नसणं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे फार होतं. तिथे व्हीएमडी नावाची, ड्राईव्ह हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि विंडोजच्या पेनड्राईव्हवर तिचा ड्रायव्हर नसतो. एसएसडी खराब म्हणून परत करायला पळू नका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घ्या, तो उलगडून फोल्डर पेनड्राईव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. ईएक्सई फाइल तशीच ठेवली तर इन्स्टॉलरला काही दिसत नाही, आत आयएनएफ फाइली असलेलं फोल्डरच हवं. बायोसमधून व्हीएमडी बंद करणं हा सोपा उपाय आहे, पण तो पूर्ण नव्याने टाकत असाल तरच करा. आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर ते निळ्या स्क्रीनवर अडकेल.

मध्येच लाईट गेली तर? सिन्नर-दिंडोरीकडे इन्व्हर्टर नसेल तर हा प्रश्न खराच आहे. नव्या एसएसडीवर काही बिघडत नाही, पार्टिशन पुन्हा डिलीट करून पहिल्यापासून सुरू करा. धोका असतो तो बायोस अपडेट करताना, ते काम यूपीएसशिवाय करू नये.

हार्डडिस्क परत जोडल्यावर

विंडोज एकदा नीट सुरू होऊन बंद केलं की प्लग काढून जुनी केबल लावा. मशीन चालू केल्यावर जुनंच विंडोज समोर आलं तर नवं गेलं असं नाही, बायोसने हार्डडिस्कला पहिला नंबर दिला आहे. बूट क्रमात एसएसडीच्या नावाचा ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर न्या. जुना सी आता डी किंवा ई म्हणून दिसेल. त्यातलं जुनं यूजर फोल्डर उघडताना परवानगी मागितली तर ‘कंटिन्यू’ दाबा. पंधरा-वीस दिवस जुनं विंडोज तसंच राहू द्या. काही विसरलं नाही याची खात्री झाली की ते पार्टिशन फॉरमॅट करा.

डॉक्युमेंट्स किंवा व्हिडिओ हार्डडिस्कवर हवे असतील तर त्या फोल्डरवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’ आणि ‘मूव्ह’. प्रोग्रॅम मात्र सी वरच राहू द्या.

केबल न काढताच इन्स्टॉल करून मोकळे झाला असाल तर डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कोणत्या पट्टीवर आहे ते पाहा. जुन्या हार्डडिस्कवर असेल आणि विंडोज कालच टाकलं असेल, तर केबल काढून पुन्हा टाकणं सगळ्यात कमी कटकटीचं. बरंच काम जमलं असेल तर सी मधून ३०० एमबी मोकळे करून तिथे फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन बनवायचं आणि ‘बीसीडीबूट’ या कमांडने बूटलोडर तिथे लिहायचा. हे काम जाणत्याला शेजारी बसवून करा.

लिनक्स टाकत असाल तर

उबंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांत साटा आणि यूएसबी डिस्कला एसडीए, एसडीबी अशी आणि एनव्हीएमईला ‘एनव्हीएमई०एन१’ अशी नावं असतात. पेनड्राईव्हवरून चालू झाल्यावर ‘डिस्क्स’ हे ॲप उघडलं तर मॉडेलही दिसतं, ही सोय विंडोजच्या इन्स्टॉलरपेक्षा बरी. ‘इरेज डिस्क’ निवडताना कोणती डिस्क ते वरच्या यादीत तपासा. उबंटूचा जुना इन्स्टॉलर बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी पहिल्या सापडलेल्या ईएफआय पार्टिशनवर लिहितो, म्हणून इथेही केबल काढायचा नियम तोच.

दुकानात टाकून घेताना

स्वतः कॅबिनेट उघडायचं नसेल तर हरकत नाही, पण मशीन सोडताना सांगा: विंडोज एसएसडीवर, यूईएफआय मोडमध्ये, जुन्या हार्डडिस्कची केबल काढून, आणि एसएसडीचे भाग न पाडता. एसएसडीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्याच्यावरच चालते. मशीन घ्यायला जाल तेव्हा काउंटरवरच डिस्क मॅनेजमेंट उघडायला लावा आणि ईएफआय पार्टिशन व सी एकाच पट्टीवर आहेत ना ते पाहूनच पैसे द्या. वेगळ्या पट्ट्यांवर दिसले तर तिथल्या तिथे पुन्हा करून मागा.